राख झाडण्याचें यंत्र

मनुष्यानें अग्नीचे जितके गोडवे गायिले आहेत तितके दुसऱ्या कोणत्याहि महाभूताचे गायिले नसतील. आपल्या ऋग्वेदाचा प्रारंभच अग्नीच्या सूक्तानें होतो, आणि ग्रीकांनीं स्वर्गांतून विस्तव चोरून आणणाऱ्या प्रोमीथिअसला आपल्या पुराणांत मोठें स्थान दिलें. होळी पेटविण्याचा मान कोणाचा यावरून गांवांत तंटे होतात. सभेंत दिवा लावावयाचा तर त्याला अध्यक्ष लागतो. परंतु पेटलेला अग्नि पेटता राहावा म्हणून त्याच्या पोटांतली राख वेळच्या वेळीं काढावी लागते, आणि हें काम कोणी करावयाचें याविषयीं मात्र कोठें मानपानाचा वाद झाल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. तें मुकाट्यानें कोणाच्या तरी वांट्यास येतें. बहुधा घरांत जी सर्वांच्या आधीं उठते तिच्या.

हें काम किती नाजूक असतें याची कल्पना, ज्यांनीं गॅसच्या निळ्या ज्योतीखेरीज दुसरा विस्तव हाताळला नाहीं अशा तरुण वाचकांस येणें कठीण आहे. कोळशाची शेगडी घ्या, न्हाणीघरांतला तांब्याचा बंब घ्या, कीं चहाच्या दुकानांतली भट्टी घ्या. रचना सर्वांची एकच. मध्यें लोखंडी गजांची जाळी, जाळीवर कोळसा, आणि जाळीखालीं राखेसाठीं पोकळी. वारा त्या पोकळींतून वर चढतो व गजांच्या फटींतून कोळशांत शिरतो. कोळसा जळतो तशी त्याची राख गजांवर सांचते, फटी बुजतात, आणि अग्नीचा श्वास कोंडूं लागतो. तेव्हां सळईनें खरवडून अथवा जाळीचा दांडा हालवून ती खालीं पाडावी लागते. कमी झाडली तर विस्तव काळा पडतो. फार झाडली तर राखेबरोबर जिवंत निखारेहि खालीं जातात आणि कोळशाचे पैसे अक्षरशः राखेंत मिळतात. शिवाय राखेचा एक पातळ थर जाळीवर राहूं द्यावाच लागतो; नाहींतर लाल इंगळ थेट लोखंडावर बसतात व गज वांकून जळून जातात. म्हणजे राख झाडावयाची, पण सगळी झाडावयाची नाहीं. याचा नियम पुस्तकांत एका वाक्यांत लिहितां येतो: खालच्या पोकळींत लाल उजेड पडेपर्यंत झाडावें, आणि उजेड पडला कीं हात आवरावा. हा हात आवरण्याचा भाग शिकण्यांत माणसांचीं वर्षें जातात.

माझें बालपण नांदेडास गेलें. गोदावरीच्या बाजूच्या जुन्या वस्तींत आमचें भाड्याचें घर होतें, आणि त्याच्या मागल्या पडवींत एक तांब्याचा बंब होता. एरवीं त्यांत पऱ्हाट्या जळत. कापसाच्या मुलखांत त्यांना काय तोटा! हिवाळ्यांत मात्र वखारींतून दगडी कोळशाचें पोतें येई. आई पहाटे चारला उठे. अंधारांत प्रथम सळईचा आवाज ऐकूं येई आणि मग कांहीं वेळ शांतता पसरे. त्या शांततेंत ती काय करते हें मीं एकदां पांघरुणांतून डोकें बाहेर काढून पाहिलें. ती गुडघे टेकून, गाल फरशीपर्यंत नेऊन, बंबाच्या खालीं पाहत होती. वर धूर किती निघतो, ज्वाळा किती उठतात, याकडे तिचें लक्षच नव्हतें. खालच्या राखेवर पडलेला उजेड सगळीकडे सारखा आहे कीं मध्यें एखादा काळा डाग आहे, एवढेंच तिला पाहावयाचें असे. काळा डाग असला म्हणजे त्याच्या नेमका वर राख वितळून थिजलेला खडा अडकलेला असावयाचा; कारखान्यांत त्याला क्लिंकर म्हणतात हें मला पुढें पुष्कळ वर्षांनीं समजलें. आई त्याला ‘दगड’ म्हणे आणि सांडशीनें ओढून काढी.

लाकडाची राख घरांत वायां जात नसे. भांडीं तिनेंच घासावयाचीं. चाळून ती कडधान्यांत मिसळावयाची म्हणजे कीड लागत नाहीं. आणि रात्रीं उरलेले निखारे तिच्याखालीं झांकून ठेवले कीं सकाळीं काडीपेटीवांचून विस्तव तयार. राख हा शब्द संस्कृत ‘रक्षा’ या शब्दापासून आला असें कोशकार सांगतात. जी निखाऱ्याचें रक्षण करते ती राख, असा अर्थ मीं आपल्यापुरता लावून घेतला आहे; भाषाशास्त्रज्ञांनीं तो मान्य करावा असा माझा आग्रह नाहीं. दगडी कोळशाच्या राखेला मात्र हा मान देतां येत नाहीं. ती खरखरीत; तिनें भांड्यांवर ओरखडे उठतात. ती बाहेर नेऊन टाकण्यापलीकडे तिचा उपयोग नसे, आणि टाकतांना ती वाऱ्यानें उलट तोंडावर येई. चाळिशी उलटल्यावर आईला खोकला जडला. पुढें घरांत गॅस आला, बंब माळ्यावर गेला, पण खोकला गेला नाहीं. डॉक्टरांनीं छातीचें चित्र उजेडासमोर धरून, ‘ह्या तंबाखू ओढतात काय?’ असें विचारलें, तेव्हां वडिलांना राग आला होता. आई नुसती हंसली.

कंटाळवाण्या कामांतून सुटण्याची युक्ति बहुधा त्या कामानें कंटाळलेल्यालाच सुचते. अ‍ॅडम स्मिथनें आपल्या १७७६ सालच्या सुप्रसिद्ध ग्रंथांत एका मुलाची गोष्ट सांगितली आहे. प्रारंभींच्या वाफेच्या यंत्रांत दट्ट्या वर-खालीं होई तसतशी एक झडप हातानें उघडावी व मिटावी लागे, आणि त्यासाठीं एक पोरगा नेमलेला असे. या पोराला सवंगड्यांबरोबर खेळावयास जावयाचें होतें. त्यानें झडपेचा दांडा दोरीनें यंत्राच्या दुसऱ्या हालत्या भागाला बांधला, यंत्र स्वतःच आपली झडप हालवूं लागलें, आणि पोरगा खेळावयास गेला. इतिहासकार ही गोष्ट दंतकथेंत जमा करतात. मी महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों, इतिहास नव्हे, म्हणून ती खुशाल सांगतों. मात्र तिच्यांत एक उणीव मला नेहमीं जाणवते. पोराचें काम दोरीनें केल्यावर पोराच्या मजुरीचें काय झालें, हें स्मिथसाहेबांनीं सांगितलें नाहीं.

अग्नीच्या बाबतींत युक्त्या निघाल्या त्या अशाच. पण त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १८४१ सालीं इंग्लंडांत जॉन ज्यूक्स यानें सांखळीच्या जाळीचें पेटंट घेतलें. या रचनेंत जाळी हीच एक रुंद, संथपणें सरकणारी सांखळी असते; एका टोंकाला तिच्यावर कोळसा पडतो, सरकतां सरकतां जळतो, आणि दुसऱ्या टोंकाला राख आपोआप खालीं गळते. कल्पना अति सुंदर. पण ती गिरणीच्या बॉयलरासाठीं, घरच्या शेगडीसाठीं नव्हे. घरांतला मनुष्य थंडीनें कुडकुडत राहिला तो १८८५ पर्यंत. त्या सालीं अमेरिकेंतल्या मिनिआपोलिस शहरीं आल्बर्ट बुट्झ नांवाच्या एका स्विस माणसानें तळघरांतल्या कोळशाच्या भट्टीसाठीं एक चतुर साधन तयार केलें. खोलींतली उष्णता उतरली कीं विजेचें मंडल जुळावयाचें, किल्ली दिलेल्या चक्राची अडसर सुटावयाची, चक्र अर्धा फेरा फिरावयाचें, आणि सांखळीनें भट्टीचें झांकण उघडून विस्तवाला वारा मिळावयाचा. उष्णता पुरेशी झाली कीं उलट क्रिया. आजच्या स्वयंचलित तापमापकांच्या एका बड्या कंपनीचा उगम याच शोधांत आहे. तथापि बारकाईनें पाहिलें तर बुट्झनें राखेला हात लावलेला नाहीं. वारा आपोआप येऊं लागला, पुढें पंख्यानें व मळसूत्रानें कोळसाहि आपोआप येऊं लागला. पण लहान भट्टींतली राख झाडण्यास सकाळसंध्याकाळ कोणी तरी तळघरांत उतरावेंच लागे. नंतर तेल आलें, गॅस आला, आणि राखेचा प्रश्न न सुटतांच निघून गेला. अग्नीला जें द्यावयाचें तें देण्याचीं यंत्रें आधीं झालीं. त्यानें टाकलेलें उचलण्याचीं यंत्रें सर्वांच्या शेवटीं. मनुष्यस्वभावाला हें धरूनच आहे.

आमच्या मराठवाड्यांत यंत्र म्हणून लोकांनीं जें प्रथम डोळ्यांनीं पाहिलें तें बहुधा आगगाडीचें इंजिनच असेल. मनमाडहून नांदेडवरून सिकंदराबादेस जाणारी निजामाच्या राज्यांतली मीटरगेज गाडी इ. स. १९०० च्या सुमारास सुरू झाली. लातुरास १९११ सालीं पोंचली ती बार्शी लाइट रेल्वे. तिचे रूळ अवघे अडीच फूट अंतराचे. डबा केवढा, इंजिन केवढें, तरी कोळसा खाण्याची व राख टाकण्याची रीत दोन्हींची एकच: फावड्यानें घालावयाचा आणि लोखंडी दांड्यानें ढोसावयाची. लहानपणीं वडिलांबरोबर जातांना पूर्णा जंक्शनावर मीं एक दृश्य पाहिलें आहे. इंजिन रुळांमधल्या खड्ड्यावर उभें होतें, आणि खालीं खड्ड्यांत उतरलेला एक मनुष्य लांब आंकड्यानें राख ओढीत होता. वरून लाल राख पडे, तो तिच्यावर पाणी मारी, फस्स असा आवाज होऊन वाफेंत तो दिसेनासा होई, आणि पुन्हां आंकडा हालूं लागला म्हणजे तो आहे असें कळे. गाडींतले सर्व प्रवासी इंजिनाकडे पाहत होते. त्या माणसाकडे पाहण्यासारखें कांहीं आहे असें कोणास वाटत नव्हतें.

कोणासच वाटत नव्हतें असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. अमेरिकेंत इंजिनाखालीं शिरून राख काढतांना इतकीं माणसें चिरडलीं व भाजलीं कीं तेथील काँग्रेसनें ३० मे १९०८ रोजीं यासाठीं स्वतंत्र कायदा केला. १ जानेवारी १९१० नंतर आंतरराज्य वाहतुकींतील कोणत्याहि वाफेच्या इंजिनाची राखपेटी अशी असली पाहिजे, कीं नोकराला इंजिनाखालीं न जातां ती ओततां व साफ करतां यावी, असा त्याचा आशय. राखेच्या पेटीसाठीं एका राष्ट्राच्या विधिमंडळानें वेळ खर्च केला, हें मला त्या शतकांतल्या कित्येक गाजलेल्या ठरावांहून मोठें वाटतें. यंत्रें ही गोष्ट आधींपासून करूं शकत होतीं. कोणी तरी सक्ति करावी लागली, एवढेंच.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो आपल्या कोळशाचा. इंग्रजी पुस्तकांत राख झाडण्याचे जे नियम सांगितलेले असतात ते ज्या कोळशासाठीं, त्यांत राख शेंकडा पांच-दहा. आपल्या खाणींतला कोळसा शेंकडा तीस ते पंचेचाळीस राख घेऊनच जन्माला येतो. तीन पोतीं कोळसा घेतला तर त्यांतलें एक पोतें आपण राखेचेंच विकत घेतों म्हणाना! त्यांतून एका पोत्याचा गुण दुसऱ्यांत नाहीं. आज चकाकता कोळसा, उद्यां निम्मा शेलवट दगड. नांदेडहून लातुरास रेल्वेनें जातांना वाटेंत परळी लागते. तेथें १९७१ पासून औष्णिक वीज निर्माण होऊं लागली. अशा केंद्रांत कोळसा पिठासारखा दळून वाऱ्याबरोबर भट्टींत उडवितात. जाळी म्हणून नसतेच. राखेचा मोठा भाग धुराबरोबर उडतो, त्याला विजेच्या जोरावर पकडतात, आणि पाण्यांत कालवून नळांतून तळ्यांत नेऊन सोडतात. हाताला राख लागत नाहीं. पण २०१३ च्या फेब्रुवारींत पाणी नाहीं म्हणून परळीचें केंद्रच बंद ठेवावें लागलें, आणि उन्हाळ्यांत त्या बाजूनें गेलें कीं उघड्यावरची राख वाऱ्यावर उठून शेतांवर पसरलेली दिसते. ज्या गांवीं वैद्यनाथाचें ज्योतिर्लिंग आहे तेथें भस्माची उणीव भासूं नये हें ठीक. पण कपाशीच्या बोंडांना भस्म लावण्याची कांहीं गरज नव्हती.

मी गेलीं पंचवीस वर्षें लातुरास असतों. हें आतां विद्यार्थ्यांचें गांव झालें आहे. ‘लातूर पॅटर्न’ या नांवानें परीक्षेच्या तयारीची जी रीत महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाली तिच्यापायीं दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलें येतात, आणि गल्लोगल्लीं वसतिगृहें व खानावळी निघाल्या आहेत. माझ्या घरासमोर अशा साठ मुलांचें एक वसतिगृह आहे. मुलें पहाटे पांचपासून अभ्यासाला बसणार, त्यापूर्वीं आंघोळ करणार, आणि थंडींत ऊन पाणी मागणार. लातुरांत पाण्याची गोष्ट जपूनच काढावी लागते. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून या शहराची तहान भागवावी लागली होती. तेव्हां दर मुलास एकच बादली असा तेथील नियम. तरी साठ बादल्या ऊन पाणी म्हणजे थट्टा नव्हे. अंगणांत विटांची भट्टी बांधून तीवर दोनशें लिटरचें लोखंडी पीप बसविलें आहे. तें दोनदां भरून तापवावयाचें, त्यासाठीं रोज दहा-बारा किलो दगडी कोळसा जाळावयाचा, आणि तीन-चार किलो राख काढावयाची. ही भट्टी साठीच्या घरांतल्या एक मावशी सांभाळतात.

त्या रात्रीं तीनला येत. दर दहा-पंधरा मिनिटांनीं जाळीचा दांडा हालवावा लागे. मधल्या वेळांत त्या पोत्यावर बसून भिंतीला टेकून डुलकी घेत. एके पहाटे अशाच डुलकींत त्यांच्या पदरावर इंगळ पडला. पदर जळाला, मनगट पोळलें. ओरडा ऐकून मुलें धांवलीं. त्यांत वसतिगृहाच्या मालकांचा भाचा होता. तो तंत्रनिकेतनांत शिकतो, आणि माझ्या वाचनखोलींतलीं जुनीं इंग्रजी मासिकें चाळावयास अधूनमधून येत असे. आठ दिवसांनीं तो आला तो भंगारांतून घेतलेली एक मोटर घेऊन. मोटारगाडीच्या समोरच्या कांचेवरचें पाणी पुसणारे दांडे जी हालवते, ती. तिची गति मुळांतच संथ, जोर भरपूर, आणि ती बॅटरीवर चालते; म्हणजे वीज गेली तरी भट्टी थांबावयाची नाहीं. मोटरीला एक वांकडा दांडा, त्याचें टोंक जाळीच्या दांड्याला, आणि मध्यें घड्याळाचें एक यंत्र: दर दहा मिनिटांनीं अर्धा मिनिट हालवावयाचें.

चार दिवस सगळें सुरळीत चाललें. पांचव्या पहाटे भट्टी विझली, आणि साठ मुलांनीं थंड पाण्यानें आंघोळ केली किंवा केलीच नाहीं. झालें होतें असें, कीं नवें पोतें चांगल्या कोळशाचें निघालें. राख कमी, पण घड्याळ आपलें दहा मिनिटांनीं झाडतच राहिलें. राख संपल्यावर त्यानें निखारे झाडले. मुलानें वेळ वाढवून वीस मिनिटांवर आणली. पुढचें पोतें निघालें दगडाचें. जाळी बुजली, भट्टी धुमसूं लागली, आणि तीतून डोकें दुखविणारा वायु अंगणांत भरला. हा वायु विषारी. कोंडलेल्या शेगडीजवळ बंद खोलींत झोंपलेलीं माणसें यानेंच मरतात. मुलगा हिरमुसला. घड्याळाला वेळ कळते, राख कळत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. पण राख कळावी कशी, हें येत नव्हतें.

मीं त्याला म्हटलें, ‘तूं यंत्राला मावशींचा हात दिलास. त्यांचा डोळा दिला नाहींस.’ त्यानें मावशींना विचारलें. ‘तुम्हांला झाडायचं कधी कळतं?’ मावशींना प्रश्नच प्रथम समजेना. तहान कधी लागते तें कसें कळतें असें कोणी विचारावें तसा तो प्रश्न. मग त्या भट्टीसमोर बसल्या, वांकल्या, आणि राखेच्या तोंडाकडे बोट करून म्हणाल्या, ‘वर काय बघतोस बाळा? खाली बघ. खाली उजेड मावळला की हलवायचं, उजाडलं की सोडायचं.’

पुढचें काम मुलानें एका रविवारीं केलें. उजेड पडला असतां जिच्यांतून वीज सहज वाहते आणि अंधारांत जी तिला अडविते, अशी मुगाच्या दाण्याएवढी एक चकती बाजारांत थोडक्या रुपयांस मिळते. ती त्यानें एका लोखंडी नळीच्या बाहेरच्या टोंकाशीं बसविली, पुढें कांच लावली, आणि नळी तिरपी करून राखेच्या पोकळीकडे रोखली. उजेड मंदावला कीं मोटर चालावयाची. लाल उजेड पडला कीं थांबावयाची. घड्याळ ठेवलें तें केवळ पहाऱ्यासाठीं: दोन मिनिटें हालवूनहि उजेड न पडला तर जाळींत खडा अडकला असें समजून घंटा वाजवावयाची. घंटा वाजली म्हणजे माणसानें उठून सांडशी घ्यावी. ज्यूक्सच्या सांखळीची भव्यता या साधनांत नाहीं. पण चांगला कोळसा येवो कीं वाईट, पोत्यागणिक त्याची चाल आपोआप बदलते, आणि हें घड्याळाला कधींच साधलें नसतें.

आमचे एक सहकारी प्राध्यापक हें पाहून खिन्न झाले. ‘पिढ्यान्‌पिढ्या हातांत जपलेली एक कला गेली,’ असें ते म्हणाले. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. पण या कलेचे रसिक ती चालू असतांना नेहमीं झोंपलेले असतात, हें मला त्यांना सांगावेंसें वाटलें. माझ्या आईची सळई ऐकण्यास मला गोड वाटे, कारण मी पांघरुणांत होतों. जिच्या फुप्फुसांत ती कला जाऊन बसली तिला कोणी विचारलें असतें, तर तिनें ती कोणाहि मोटरीला आनंदानें देऊन टाकली असती. गाल फरशीला लावून राख पाहण्यांत जें ज्ञान होतें तें खरें होतें आणि मोठें होतें. तें मुगाएवढ्या चकतींत मावलें म्हणून लहान होत नाहीं. आणि तें तसें मावावें यासाठीं आधीं कोणी तरी मावशींना विचारावें लागलें.

अ‍ॅडम स्मिथनें टाळलेला प्रश्न मात्र वसतिगृहाच्या मालकांनीं टाळला नाहीं. ते सरळ मनुष्य आहेत. त्यांनीं हिशेब मांडला. मावशी आतां तीनला येत नाहींत, पांचला येतात. भट्टी रात्रीं भाचा पेटवून झोंपतो आणि घंटा वाजली तरच उठतो. तेव्हां पगार चार हजारांचा तीन हजार करावा, हें त्यांना न्यायाचें वाटलें. भाचा संतापला, मोटर काढून टाकतों म्हणाला. प्रकरण माझ्यापर्यंत आलें. मीं मालकांना विचारलें, ‘तुम्ही इतके दिवस पगार कशाचा देत होतां? राख झाडण्याचा, कीं जागण्याचा?’ ते म्हणाले, ‘सर, मी ऊन पाण्याचा देत होतों.’ याला उत्तर देणें मला जरा कठीण गेलें. मीं एवढेंच म्हटलें, कीं पाणी अजून ऊन येतें आहे, कोळसाहि पूर्वींपेक्षां कमी लागतो. मग त्या वांचलेल्या कोळशाचा कांहीं अंश जिच्या सांगण्यामुळें तो वांचला तिच्याकडे जावा. बरीच घासाघीस होऊन साडेतीन हजारांवर गाडी थांबली. मला तें मनापासून पटलें नाहीं, आजहि पटत नाहीं. मावशींना मीं तसें बोलून दाखविलें, तेव्हां त्या म्हणाल्या, ‘पाचशे रुपयांत दोन तासांची झोप मिळाली, सर. महाग न्हाई.’ त्यांनीं आपल्या आयुष्यांत झोंप प्रथमच विकत घेतली होती, आणि सौदा करण्याचा त्यांना आनंद झालेला दिसला. मी गप्प राहिलों.

त्या यंत्राला एक खोड आहे. राख उडते ती नळीच्या कांचेवर बसते; दोन दिवसांत कांच आंधळी होते आणि यंत्राला भर विस्तवांत अंधार दिसूं लागतो. मग तें झाडतच सुटतें. म्हणून मावशी रोज संध्याकाळीं जातां जातां ती कांच पदरानें पुसतात. मुलानें त्यांना त्यासाठीं पांढरें फडकें आणून दिलें होतें. तें त्यांनीं घडी करून घरीं नेलें.

परवां मुलगा त्यांना सोडावयास त्यांच्या घरीं गेला होता. गॅसची टांकी तेथें आहे, पण ती चहापुरती. पुन्हां भरावयाची म्हणजे पैसे लागतात. भाकरी अजून चुलीवरच होते. तुरीच्या या मुलखांत तुराट्या स्वस्त, त्याच जळतात. मुलानें वांकून चुलीच्या आंत पाहिलें. तिला जाळी नव्हती. मातीचा सपाट तळ, त्यावर राख, आणि राखेवर विस्तव. हालवावयास कांहीं नव्हतेंच. मावशी फुंकणी घेऊन फुंकीत होत्या आणि प्रत्येक फुंकरीला राख त्यांच्या तोंडावर येत होती. मुलानें त्यांच्याकडून एक दोरा मागून घेतला, चुलीच्या तोंडाची रुंदी व आंतली लांबी मोजली, दोऱ्याला दोन ठिकाणीं गांठी मारल्या, आणि सायकल भंगारवाल्याच्या दुकानाकडे वळविली.